परसातली फुलं रात्रीच्या गाडीने मुंबईकडे न्यायची असतील तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे ठाण्यात नोकरीला आहेत, घर मालवणजवळ, तिथे आई एकटी राहते. शाळेत ज्यांनी शिकवलं त्या बाई आता मुलाकडे डोंबिवलीला असतात. मार्चअखेरच्या एका रविवारी सकाळी ११ वाजता त्यांच्या पंच्याहत्तरीचा घरगुती कार्यक्रम आहे. बाई रोज अबोलीची वेणी माळून वर्गात यायच्या, ती आठवण मनात आहे, म्हणून आईच्या परसातली फुलं न्यायची इच्छा आहे. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघायचं. मुख्य प्रश्न दोन आहेत. फुलं तोवर टिकतील का, की ठाण्यात उतरून बुकेच घ्यावा? आणि दुसरा, जरा दबकत विचारलेला: बाईंचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, तर वेणी दिलेली चालेल का?

मी वेंगुर्ले तालुक्यात २६ वर्षं फुलझाडांची रोपवाटिका चालवते, आणि त्याच्याही आधीपासून आईबरोबर बाजारात वेण्या, वळेसर (ओवलेले गजरे) घेऊन बसत होते. तेव्हा फुलं मुंबईला धाडणं, ती वाटेत खराब होणं, गिऱ्हाइकाचे बोल ऐकणं, सगळं झालेलं आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: टिकतील, पण सगळी नाही. दुसऱ्याचं उत्तर बाईंच्या स्वभावावर आणि घरातल्या माणसांवर आहे, त्यावर पुढे लिहिते.

बुकेबद्दल माझा राग नाही. जरबेरा, कार्नेशन ही फुलं पॉलिहाउसमध्ये लांबच्या प्रवासासाठीच वाढवतात. फुलदाणीत कितीतरी दिवस उभी राहतात. कुणाच्या दुकानाचं उद्घाटन असतं तर मीच म्हटलं असतं, घ्या बुके. पण तुम्हाला बाईंना शोभेची वस्तू द्यायची नाही, त्यांच्या केसांतली अबोली त्यांना परत द्यायची आहे. ते काम दुसरं फूल करणार नाही.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न ‘फुलं टिकवायची कशी’ हा नाहीच. परसातलं फूल टिकण्यासाठी जन्माला येत नाही, प्रत्येकाची आपली घटका असते. प्राजक्त रात्री उमलतो, पहाटे पडतो आणि उन्हं वर आली की मलूल होतो. गुलबास दुपार कलली की उघडतो. जास्वंद पाण्यात ठेवा नाहीतर ताटात ठेवा, एक दिवसच टवटवीत राहते. तेरड्याचा रंग तीन दिवस हे तर आपण बोलण्यातच वापरतो. म्हणून आधी ठरवायचं ते हे की फूल बाईंच्या हातात किती वाजता पडणार. तुमच्या बाबतीत रविवारी सकाळचे ११. तिथून मागे मोजत यायचं आणि त्या घटकेला जे फूल आपल्या चांगल्या अवस्थेत असेल तेच तोडायचं. उरलेली कितीही सुंदर असली तरी झाडावर राहू द्यायची.

मोगऱ्याचं उदाहरण घ्या. मार्चमध्ये मोगरा लागलेला असतो आणि आई नक्की म्हणेल, मोगरा ने. मोगऱ्याची तयार कळी दुपारी तोडली तर त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या पुढेमागे उमलते. म्हणजे तुमचा मोगरा गाडीत, कणकवली ते चिपळूणच्या दरम्यान उमलणार, सगळ्या डब्याला वास देणार आणि डोंबिवलीला पोचेपर्यंत कडेने तपकिरी झालेला असणार. मग जास्त कोवळी कळी तोडावी म्हटलं तर ती उमलतच नाही, हिरवट पांढरी तशीच सुकते. हाच कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी मालवणात असता तर मोगऱ्यासारखं दुसरं फूल नव्हतं. रविवारी सकाळी डोंबिवलीत मोगरा नको.

आता फुलं वाटेत खराब का होतात ते सांगते, कारण कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो. १९९६ सालची गोष्ट. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं होती, आम्ही रात्रीच्या एसटीने जायचो. भाचीचं डोहाळजेवण गिरगावात होतं, मे महिना होता आणि आमच्या दारचा अनंत नुसता भरला होता. मी पहाटे साठेक फुलं काढली, धुतली, स्टीलच्या डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि डबा हापूसच्या पेटीवर ठेवला, हलू नये म्हणून. गिरगावात झाकण काढलं तेव्हा एकही फूल पांढरं नव्हतं. चहाच्या चोथ्यासारखा रंग आणि आंबूस वास. भाचीला बाजारातली फुलं आणून सजवावं लागलं आणि मी दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

त्या एका डब्यात चार चुका होत्या. फूल तोडल्यावरही श्वास घेतं, त्याची ऊब बाहेर पडते. घट्ट डब्यात ती ऊब कोंडते आणि फूल स्वतःच्याच उष्णतेने शिजतं. धुतलेल्या पाकळीवर पाणी राहिलं की ती कुजायला लागते. अनंत, सोनचाफा यांच्या पाकळीला बोट लागलं की तेवढाच डाग काळा पडतो, आणि मी तर फुलं एकावर एक दाबून भरली होती. माझी आई सांगायची, “फुलाक हात कमी लाव गो, जिवंत आसा ता.” चौथी चूक मला फार उशिरा कळली, ती म्हणजे आंबे. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. त्यानेच शेजारचं फळ पिकतं आणि त्यानेच फूल लवकर म्हातारं होतं. मार्चअखेरीला तुमची आई हापूसची पहिली पेटी तुमच्या हाती देणारच. ती बाकाखाली आणि फुलं वर, आपल्याजवळ. केळीचा घड असेल तर तोही लांबच. घरच्या फ्रिजमध्येही फळांच्या कप्प्याशेजारी फुलं ठेवत जाऊ नका.

तर मार्चमध्ये रात्रभराचा प्रवास सोसणारी तीन फुलं आहेत: अबोली, सुरंगी आणि बकुळ.

अबोलीला वास नाही आणि म्हणूनच की काय कोण जाणे, तिला घाई नाही. नीट गुंफलेली वेणी दोन दिवस रंग सोडत नाही. शनिवारी सकाळी दव वाळल्यावर फुलं काढायची, तुऱ्याला हिसका न देता एकेक करून. फुलाची खालची नळी शाबूत राहिली पाहिजे, कारण गाठ तिच्यावर बसते. सुती दोऱ्याऐवजी केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोर घ्या. सोपट आदल्या दिवशी सोलून, बारीक पट्ट्या काढून वाळवायचं आणि गुंफायच्या आधी दहा मिनिटं पाण्यात टाकायचं. हा दोर नळी कापत नाही आणि स्वतः ओल धरून ठेवतो. दोन फुलं या बाजूला, दोन त्या बाजूला, मध्ये वेढा, मग पुढचा जोड. मध्ये मध्ये मरव्याची काडी घातली तर वासाची उणीव भरून निघते. तुमच्या आईला हे मी सांगायला नको. शक्य असेल तर वेणी तिच्या हातचीच असू द्या.

सुरंगीवर मात्र मी थांबणार आहे, कारण बाहेरच्या माणसाला ती माहीतच नसते, आणि जो सिंधुदुर्गात वाढला त्याला तिचा वास आला की आपण कुठे आहोत हे क्षणभर कळत नाही. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचा तिचा हंगाम. आमच्याकडे आरवली, शिरोड्याच्या बाजूला जुनी झाडं आहेत. तिचं फूल शेंड्याला येत नाही. जुन्या फांदीच्या सालीलाच कळ्यांचे घोस चिकटलेले असतात, वाटाण्याहून लहान, मोत्यासारखे. पहाटे शिडी लावून, खाली चादर पसरून कळ्या काढाव्या लागतात. कारण उन्हं वर आली, कळी उघडली, आतले पिवळे केसर मोकळे झाले की माश्यांचा असा घोंगाट सुरू होतो की झाडात हात घालायची सोय राहत नाही. मग ओसरीवर बसून बायका भराभर वळेसर करतात. उमलायच्या आत ओवून झालं पाहिजे. दुपारपर्यंत तोच पांढरा वळेसर दोऱ्यातच उमलून पिवळा होतो.

दुसऱ्या दिवशी सुरंगीचा रंग उतरतो हे खरं आहे, ते तुम्हाला आधीच सांगून ठेवते, नाहीतर डबा उघडल्यावर तुमचं मन खट्टू होईल. पण वास जात नाही. सुकल्यावरही जात नाही. आमच्याकडे बायका वळेसर नऊवारीच्या घडीत ठेवतात. झाड परसात नसेल तर शनिवारी सकाळी वेंगुर्ले, शिरोडा किंवा सावंतवाडीच्या बाजारातून कुणाला तरी आणायला सांगा. आणि विकणारीशी पैशांची घासाघीस करू नका, त्या कळ्यांसाठी कुणीतरी काळोखात झाडावर चढलेलं असतं.

बकुळीला आमच्याकडे ओवळ म्हणतात. ती तोडायची नसतेच, पहाटे खाली पडलेली वेचायची. फुलाला मध्ये आपसूक भोक असतं, सुई लागत नाही, माडाच्या हिराला (झावळीच्या काडीला) दोरा बांधून सरसर ओवता येते. सुकली की तपकिरी होते आणि वास तसाच राहतो. बांधायची, जपायची काही कटकट नाही. ओंजळभर वेचून मलमलच्या पुरचुंडीत बांधलीत तरी पुरे.

बांधाबांध अशी करा. केळीचं पान विस्तवावर हलकं शेकून घ्या, म्हणजे घडी घालताना फाटत नाही, आणि पूर्ण गार होऊ द्या. पसरट डबा किंवा पोफळीच्या विरीचं (झावळीच्या रुंद देठाचं) खोकं घ्या. तळाशी पिळून काढलेलं ओलं सुती फडकं, त्यावर पान, पानावर वेणी सैल वेटोळं करून, वर पुन्हा पान. पाणी फुलाला लागता कामा नये, फक्त डब्यातली हवा ओलसर राहिली पाहिजे. झाकण टेकवून ठेवायचं, दाबायचं नाही. प्लास्टिकची पिशवी नको. सुरंगी वेगळ्या पानात बांधा, तिचे केसर अबोलीवर सांडतात. गार पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून डब्याला टेकवून ठेवली तर रात्र चांगली जाते. बर्फ लावू नका. एसी डब्यात असाल तर फुलं थेट वाऱ्याच्या झोताखाली नकोत.

एकदा वेळा जुळवून बघू. शनिवारी पहाटे बकुळ वेचली, सकाळी अबोली काढली, सुरंगी बाजारातून आली, दुपारी जेवणं झाल्यावर आईने वेणी गुंफली, निघायच्या तासभर आधी डबा भरला, कुडाळला किंवा कणकवलीला गाडी पकडली. सकाळी ठाण्याला उतरलात की घरी जाऊन डबा उघडा, फडकं बदला, फुलांना अर्धा तास मोकळी हवा द्या. मग लोकल. रविवारचा मेगाब्लॉक मात्र आधी बघून ठेवा.

हा सगळा हिशोब मार्चचा आहे. हाच प्रश्न भाद्रपदात आला असता तर मी सोनटक्का सांगितला असता. त्याचा दांडा कळ्यांसकट कापून बाटलीत ठेवला की दररोज संध्याकाळी नवी फुलं उमलतात. पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गौरीसाठी आणतात ती कळलावी दिसायला फार देखणी, पण तिचा कंद जहाल विषारी आणि बाकीचं झाडही विषारीच, त्यामुळे ज्या घरात लहान मूल आहे तिथे भेट म्हणून देऊ नये. आणि सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) रानफुलं, ती सीतेची आसवं, तो कवला, कितीही मोह झाला तरी उपटू नयेत. हातात घेतल्या घेतल्या मान टाकतात आणि कातळावरच्या चिमूटभर मातीत पुढच्या वर्षीचं बी त्यांनाच पाडायचं असतं.

आता वेणीचं. तुम्ही हे विचारलंत याचंच मला बरं वाटलं. नवरा गेल्यावर बाईने फूल माळू नये ही चाल मला मुळीच पटत नाही. वडील गेल्यावर माझी आई बारा वर्षं रोज दुसऱ्यांसाठी वेण्या गुंफत होती आणि तिच्या स्वतःच्या केसांत एक कळी नव्हती. पण माझं मत हा माझा प्रश्न झाला. बाई ७५ वर्षांच्या आहेत, घरात सून असेल, विहीणबाई आलेल्या असतील, शेजारणी असतील. चारचौघांत तुम्ही वेणी पुढे केलीत आणि त्यांना ‘नको रे’ म्हणावं लागलं, तर तुमच्या भेटीने त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. आणि तुम्ही वेणी टाळून नुसता नारळ दिलात, तर त्यांच्या वतीने तुम्हीच ठरवून टाकलंत की त्यांनी आता फूल माळायचं नाही. दोन्ही नको.

मी काय करते ते सांगते. अशा वेळी मी वेणी लांब करत नाही, वीतभरच करते, आणि द्रोणात ठेवते. शेजारी थोडी सुटी फुलं. द्रोण हातात देते आणि ‘माळा’ही म्हणत नाही, ‘देवाला वाहा’ही म्हणत नाही. फक्त फुलं कुठल्या झाडाची ते सांगते. आमच्या वाडीत एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना मी एकदा असा सुरंगीचा द्रोण दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या. मला वाटलं देवापुढे ठेवतील. गणपतीत गेले तेव्हा त्यांनी कपाट उघडून दाखवलं. लुगड्यांच्या चळतीत मधोमध तो वळेसर होता, काळपट झालेला, आणि कपाटभर वास. माळला नव्हता, देवाला वाहिला नव्हता, टाकलाही नव्हता. हा तिसरा मार्ग मला सुचला नसता.

तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पोचा. गर्दी जमण्यापूर्वी, केक आणि फोटो यांच्या आधी, बाई एकट्या असतील तेव्हा द्रोण त्यांच्या हातात द्या. त्यांनी तुमच्यादेखत वेणी माळली तर आनंदच आहे. नाही माळली तर विचारू नका.

शेवटी रोपाबद्दल. फुलं दोन दिवसांची, म्हणून सोबत रोप द्यावं का, असंही तुमच्या प्रश्नात आहे. डोंबिवलीच्या गॅलरीत तीन-चार तास ऊन येत असेल तर द्या, आणि अबोलीचंच द्या. सोनचाफ्याचं कलम लवकर फुलतं हे खरं, पण त्याला मोठी कुंडी आणि मोकळी जागा लागते. अबोली दहा इंची कुंडीत सुखाने राहते. आईच्या परसातली जुनी माती मात्र नेऊ नका. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी लागतात, मुळांवर गाठी येतात आणि झाड वरून पाणी घालूनही सुकत जातं. ते सूत्रकृमी मातीबरोबरच प्रवास करतात. नवी माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून रोप तिथेच लावा.

रोप न्यायला अडचण वाटली तर बी न्या. आईच्या अबोलीला बी धरतं का ते आधी बघा, कारण ‘दिल्ली’ जातीच्या अबोलीला बी धरत नाही, तिची फांदीच लावावी लागते. बी धरत असेल तर वाळक्या तुऱ्यांतली बोंडं कागदाच्या पुडीत बांधा. बाईंना सांगा, बशीत ठेवून वर पाण्याचे चार थेंब टाका आणि क्षणभर थांबा. ओल लागली की बोंडं तडतड फुटतात आणि बिया उडतात. घरात नातवंडं असतील तर तीही बघायला धावत येतील. फक्त प्रवासात ती पुडी फुलांच्या डब्यात ठेवू नका, शर्टाच्या खिशात ठेवा. ओल्या फडक्याजवळ राहिली तर सगळी बोंडं गाडीतच फुटून जातील.